बाळ झोपलंय, ओव्हर

घरात लहान मूल आलं की माणूस आधी धारदार वस्तू उचलतो, मग टेबलांचे कोपरे झाकतो, आणि एवढं करूनही काळजी उरलीच तर दिवे झाकायला लागतो. मी दिवे झाकले. फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा हिरवा ठिपका, चार्जरचा निळा आणि माझ्या वायरलेस सेटचा लाल, सगळ्यांवर काळी चिकटपट्टी लावली. कारण असं की छकुलीला झोपेच्या वेळी कुठेही ठिपका दिसला की ती डोळे मोठे करून त्याच्याशी गप्पा मारायला लागायची. दारावरच्या बेलची वायर मी त्याआधीच काढून ठेवली होती, आणि मोबाइल तर ती जन्मल्यापासून मुकाच होता.

नवरा म्हणाला, "उद्या घराला आग लागली तर तुला सांगायचं कसं?"

मी म्हटलं, "हळू सांग."

वायरलेस सेटचं खूळ माझं माहेरचं. माझे वडील, आमचे आबा, तरुणपणापासून हौशी रेडिओवाले. या छंदात परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, मगच माणसाला हवेत बोलायची मुभा. "बोलायला परवाना! हा कायदा घरातही लावायला हवा," असं नवरा लग्नानंतर एकदा म्हणाला होता. पुन्हा म्हणाला नाही.

आबा डोंगरापलीकडच्या गावात एकटे राहतात. आई गेल्यापासून "इकडे या" म्हणून मी त्यांच्या मागे लागले आहे, आणि ते "बघू, बघू" म्हणताहेत. तिथे फोन लागत नाही. लागलाच तर गच्चीच्या एका कोपऱ्यात, तोही एका पायावर उभं राहिलं तर, आणि या वयात त्यांना एका पायावर उभं करायला माझा जीव धजत नाही. पण रेडिओ लागतो. रोज संध्याकाळी मी सेटसमोर बसायचं, बटण दाबून त्यांना हाक मारायची, बटण सोडायचं, आणि मग खरखरीतून त्यांचा आवाज यायचा: "ऐकतोय गं." बाकीचे लोक काय काय सांकेतिक शब्द वापरतात. आबांचं वर्षानुवर्षं एवढंच, ऐकतोय गं. संध्याकाळच्या वेळी छकुली आकांत मांडते. काय होतं ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही. पण तो आवाज आला की ती रडता रडता थांबून सेटकडे बघत राहते. खरं सांगायचं तर मीही.

आता डोंगरापलीकडचा आवाज आमच्यापर्यंत पोचतो कसा? गावाच्या उंच पाण्याच्या टाकीवर एक पेटी बसवलेली आहे. तिला रिपीटर म्हणतात. दुरून आलेलं बारीक बोलणं ऐकायचं आणि मोठ्या आवाजात सगळीकडे पोचवायचं, हे तिचं काम. (आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूही हेच काम करतात, पण त्यांना वीज लागत नाही.) ही पेटी दोन क्लबांनी मिळून बसवली होती, आणि मिळून त्यांनी केलेलं ते शेवटचंच काम.

एक टेकडीवाला क्लब. त्याचे अध्यक्ष दंतवैद्य. रुग्णाच्या तोंडात चिमटा घालून प्रश्न विचारायची जन्माची सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देऊ शकतो ही कल्पनाच त्यांना नाही. दुसरा पुलाजवळचा क्लब. त्याचे अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करणारे काका. हे दर वाक्याआधी वेळ सांगतात. दोन्ही क्लबांत कायमची चुरस: स्पर्धेत जास्त देशांशी कोण बोललं, कोणाचा खांब उंच, आणि कोल्हा कोणी आधी पकडला. कोल्हा म्हणजे लपवून ठेवलेला छोटा सेट. तो हवेत आवाज सोडत राहतो, आणि ही पोक्त माणसं माशाच्या काट्यासारखी अँटेना हातात फिरवत, आवाज कुठल्या दिशेने येतो ते हुंगत त्याला शोधतात. गेल्या वर्षीचा कोल्हा दोघांनी एकाच वेळी पकडला, आणि तेव्हापासून कोणी कोणाच्या घरी पाणीही पीत नाही.

पेटीत एक टायमर होता. कोणी फार वेळ बोलत राहिलं तर पेटीने आपणहून गप्प व्हावं म्हणून. दंतवैद्यांच्या एका भाषणात तो जळाला, असं पूलवाले म्हणतात. पूलवाल्यांनी मुळात स्वस्तातला बसवला, असं टेकडीवाले म्हणतात. दुरुस्त कोणीच केला नाही. हा टायमर लक्षात ठेवा.

अशात पाणीपुरवठा कार्यालयाने विचारलं, टाकीवरची पेटी कोणाची? दोन्ही क्लबांनी "आमची" म्हणून कळवलं. तेव्हा तिथले साहेब चिडले. आठवडा संपायच्या आत दोघांची मिळून एक संस्था, तिचा एक अध्यक्ष आणि त्याच्या सहीचा अर्ज आला तर ठीक, नाहीतर पेटी खाली.

पेटी खाली आली असती तर आबांचा आवाज डोंगरापलीकडेच राहिला असता.

म्हणून मी मध्ये पडले. लहान मुलामुळे मला कुठल्याच क्लबच्या सभेला जाता येत नसे, या एकमेव गुणावर दोन्ही बाजूंनी मला 'विभागीय समन्वयक' केलं. एवढं मोठं पद आमच्या घराण्यात आजवर कोणाला मिळालं नव्हतं. मी खालच्या काकूंना सांगितलं.

"म्हणजे नक्की काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"याचं त्याला सांगायचं, त्याचं याला सांगायचं, आणि भांडण होऊ द्यायचं नाही."

"शेवटचं जमत नाही गं," काकू अनुभवाने म्हणाल्या. "आणि त्या यंत्राजवळ बाळाला ठेवू नकोस. लहरींनी जावळ विरळ होतं."

काकूंना स्वतःला लहरींजवळ न राहताही विरळ केस आहेत, पण मी समन्वयक होते. गप्प राहिले. छकुलीला मात्र त्या दिवसापासून टोपडं घालायला लागले.

साहेबांकडे मी कडेवर छकुलीला घेऊन गेले. दोन अध्यक्ष चालतील का, असं विचारलं.

"बाई, टाकी एक, पेटी एक," साहेब म्हणाले. "उद्या ती कोणाच्या डोक्यात पडली, तर धरायचा माणूसही एकच पाहिजे."

"मग आळीपाळीने?"

"आळीपाळीने पडणार आहे का?"

तेवढ्यात छकुलीने त्यांचा शिक्का तोंडात घातला, आणि चर्चा संपली.

शेवटी मी वाचनालयाच्या खोलीत दोन्ही क्लबांची सभा बोलावली. माझ्या घरी नाही. घरचा पत्ता मी कोणालाच दिला नव्हता; परवान्यावरही आबांच्या गावचाच होता. एकदा पत्ता दिला की वीस माणसं अँटेना बघायला येणार, बेल वाजवणार, जिन्यात हसणार. छकुली कशी झोपणार? सभेत मी पाठ केलेलं भाषण केलं. पूर आला तर, भूकंप झाला तर, फोन बंद पडले तर विभागाला आपलाच आधार, म्हणून सहकार्य, समन्वय वगैरे. 'शांतता राखा' या पाटीखाली सगळे शांतपणे ऐकत होते. मग मी विचारलं, अध्यक्ष कोण?

"उंचीचा विचार करता टेकडीचाच," दंतवैद्य म्हणाले. "बरोबर आहे की नाही? आहेच."

"आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत," घड्याळवाले काका म्हणाले, "आणि मी सांगतो, टेकडीचा माणूस अध्यक्ष झाला तर पहिली तार मी कापीन."

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"तुमचा क्लब मागे आहे."

मग ग्रंथपालबाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. कॉलेजात सगळी वर्षं पहिल्या बाकावर बसलेल्या मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी वाचनालयातून हाकललं. रिक्षात मला रडू आलं, आणि छकुली रडायचं थांबून कुतूहलाने बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगते. वाळलेल्या लंगोटांचा ढीग मी सेटशेजारी टाकला. त्याच्यावर दुपटी टाकली, त्यांच्यावर उशी, आणि पाळणा सरकवताना तो सगळा डोलारा भिंतीशी दाबला गेला. त्यात सेटचा माईक होता. माईकवरचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं. ते दाबलेलं असेपर्यंत आपण बोलतो. दुसरं कोणी आपल्याला काही सांगू शकत नाही. सेटवरचा लाल दिवा अशा वेळी ठसठशीत पेटतो. तो चिकटपट्टीखाली पेटलाच असणार. आणि टायमर जळालेला होता.

अशा रीतीने माझं घर सगळ्या विभागाला ऐकू जायला लागलं.

मला जाणवलं ते एवढंच की सेट अगदी गप्प आहे. एरवी दुपारी कोणी ना कोणी खोकत तरी असतं. मी समजले, बहिष्कार! सभेचा राग. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरलंय. माझा स्वाभिमान चांगलाच दुखावला. सेटला हात लावून पाहिला तर गरम. ऊन लागत असेल म्हणून पडदा ओढला आणि त्या उबेवर छकुलीचा ओला मोजा वाळत घातला.

मग छकुलीला मांडीवर घेऊन मी मन मोकळं केलं. घरात दुसरं होतं कोण?

"रुसलेत गं सगळे, छकुले. दाताचे आजोबा रुसले, घड्याळाचे आजोबा रुसले. तुझं रडणं परवडलं बाई. तुला भूक लागलेली असते, नाहीतर ओलं झालेलं असतं. यांना काय झालंय ते यांनाही ठाऊक नाही. दाताचे आजोबा वाईट नाहीत हं. पण त्यांना कोणी उत्तर दिलेलं खपत नाही. धंद्यात आजवर कोणी दिलंच नाही ना!"

(त्या वेळी दंतवैद्यांच्या खुर्चीत एक रुग्ण होता आणि कपाटावर सेट चालू होता. रुग्ण तोंडात कापूस असताना हसला. पुढचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं.)

"आणि घड्याळाचे आजोबा जगाला वेळ सांगतात, पण दुकान कधी वेळेवर उघडत नाहीत."

(हे दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकलं आणि माना डोलावल्या.)

मी आहे हे आवाजावरून सगळ्यांनी ओळखलं. मोबाइल लावून पाहिला, तो मुका. घर कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. मग काय करायचं? हवेत अडकलेला सेट शोधायची एकच रीत या लोकांना येते. टेकडीवाले टेकडीवर चढले, पूलवाले पुलावर गेले, आणि माशाचे काटे फिरू लागले. माझा कोल्हा झाला होता. पहिला तास, मला नंतर सांगितलं गेलं, दोन्ही बाजूंना फार उत्साह होता. समन्वयक बाईंना आधी कोण गाठतो आणि चार शब्द सुनावतो, याची चुरस होती.

इकडे मी छकुलीला झोपवत होते. आमच्या आईचं एक अंगाईगीत आहे. तिचं स्वतःचंच असावं, कारण दुसऱ्या कोणाकडून मी ते कधी ऐकलेलं नाही.

नीज गं नीज, दाराला कडी,
उंबऱ्यात निजली चपलांची जोडी...

तिसरी ओळ आठवत नाही. छकुली झाल्यापासून मी ती शोधते आहे. चौथी येते: सगळ्यांच्या मागे छकुली वेडी. पण मधली गेली. आठवतं ते एवढंच की त्या ओळीला आई तोंड दुसरीकडे फिरवायची. तिची मान दिसते, मानेवरचा तीळ दिसतो, शब्द ऐकू येत नाहीत. त्या जागी मी नुसतं हूं हूं करते. छकुलीला हूं हूं चालत नाही. ती डोळे उघडते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या दुपारी अशा किती सुरुवाती झाल्या देव जाणे. मध्ये एकदा दूध सांडलं, एकदा छकुलीने माझी बट ओढली, आणि मग मी थकून तिला म्हटलं,

"तुला खरं सांगू का? त्या लोकांना मी पूर सांगितला, भूकंप सांगितला. सगळं खोटं नाही, पण खरं ते नाही. खरं म्हणजे पेटी उतरली तर संध्याकाळी आबा कोणाशी बोलणार? सकाळपासून त्या घरात कोणाशी एक शब्द नाही. आणि मी? मी दिवसभर तुझ्याशी बोलते, तू नुसती बघतेस. मला कळत नाही मी नीट करतेय की नाही. टोपडं घालू की काढू तेही कळत नाही. दिवसातून एकदा कोणीतरी 'ऐकतोय गं' म्हणतं, तेवढ्यावर ढकलते मी दिवस. हे सभेत कसं सांगू? विभागीय समन्वयक आहे ना मी!"

यानंतर टेकडीवर आणि पुलावर काय झालं ते दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. एवढं नक्की की चुरस संपली.

अडचण मात्र उरली. अँटेनेने फक्त दिशा कळते. टेकडीवरून नकाशावर रेघ मारली तर तिच्यावर निम्मं गाव येत होतं. पुलावरून मारली तर दुसरं निम्मं. घर सापडायला दोन्ही रेघा एका नकाशावर यायला हव्या होत्या. पेटी एका वेळी एकाचंच बोलणं पोचवते, त्यामुळे हवेत बोलायची सोय मी ठेवली नव्हती, आणि एकमेकांचे फोन नंबर त्यांनी मागच्या भांडणात पुसून टाकले होते. शेवटी घड्याळवाले काका स्कूटर काढून टेकडीकडे निघाले. अर्ध्या वाटेत पेट्रोलपंपावर दंतवैद्य समोरून येताना भेटले. त्यांच्याही हातात नकाशा होता.

"माझी रेघ अगदी सरळ आहे," दंतवैद्य म्हणाले.

"सरळ असेल हो," काका म्हणाले. "पण एकटी आहे."

स्कूटरच्या सीटवर नकाशा पसरला गेला. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे आमची इमारत होती.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा छकुली एकदाची झोपली. "झोपली गं बाई," मी पुटपुटले. "आता चिमणीनेसुद्धा पंख हलवू नयेत." मग राहिलेले कपडे आवाज न करता धुतले, आणि बादली घेऊन, गच्चीवर जायला म्हणून अलगद दार उघडलं.

जिन्यात माणसं बसली होती.

वरच्या पायरीवर दंतवैद्य, त्यांच्याशेजारी, अंगाला अंग लावून, घड्याळवाले काका. खाली पायरीपायरीवर दोन्ही क्लब, वर-खाली मिसळून गेलेले. सगळ्यांच्या मांडीवर माशांचे काटे. उंबऱ्यापासून खालपर्यंत काढून ठेवलेल्या चपलांची रांग. आणि वळणावर खालच्या काकू कमरेवर हात देऊन पहारा देत उभ्या. माझी बादली हातातच राहिली.

काकांनी तोंडाशी हात धरून अगदी हळू विचारलं, "बाळ झोपलंय ना? ओव्हर."

"झोपलंय," मी तितक्याच हळू म्हटलं. "तुम्ही... कधी आलात?"

"मघाशीच. दार वाजवणार होतो. तेवढ्यात ह्यावर तुम्ही चिमणीचं बोललात." त्यांनी खिशातला छोटा सेट दाखवला.

"ह्यावर?"

दंतवैद्यांनी आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट थोडक्यात सांगितली. "बाई, तुमचं बटण दाबलेलं आहे."

"कधीपासून?"

"दूध सांडलं त्याच्याही आधीपासून," खालून काकू कुजबुजल्या. त्यांच्याकडे सेट नाही. पण यांनी जिन्यात सगळं सांगितलं असणार.

एखाद्या बाईने अशा वेळी काय करावं याबद्दल कुठल्याही पुस्तकात मार्गदर्शन नाही. मी दाताच्या आजोबांकडे पाहिलं. घड्याळाच्या आजोबांकडे पाहिलं. मग बादलीत पाहिलं, तिथे बरं वाटलं.

"दुकानाचं खरं आहे," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

"माझं थोडंसंच खरं आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि उत्तराची वाट पाहत चक्क थांबले.

मी दोघांना आत घेतलं. चवड्यांवर चालत ते सेटपाशी आले. मी उशी उचलली, काकांनी दुपटी धरली, दंतवैद्यांनी बाह्या सारून लंगोटांच्या ढिगात दोन बोटं घातली. "अजिबात दुखणार नाही," सवयीने पुटपुटत त्यांनी माईक बाहेर काढला. सेटवरचा मोजा कडकडीत वाळला होता.

"अर्जाचं आम्ही बाहेर ठरवलंय," काका कुजबुजले. "अध्यक्ष तुम्ही."

"मी? अहो, मला साधी सभा सांभाळता आली नाही!"

"सभेचं सोडा. दोन्ही क्लबांना अख्खी दुपार एक शब्द बोलू न देता ऐकायला लावलंत," काका म्हणाले. "हे आजवर कोणाला जमलं नव्हतं."

"यांनाही नाही," दंतवैद्य म्हणाले. "आणि मलाही नाही."

साहेबांकडून आणून ठेवलेला कोरा अर्ज मी कपाटातून काढला आणि पाळण्याच्या दांड्यावर ठेवून सही केली. सही वाकडी आली. चालेल म्हणाले.

तेवढ्यात सेट खरखरला. मोकळ्या झालेल्या हवेत पहिलं कोण बोलणार? दोघेही अध्यक्ष आपापल्या खिशातल्या सेटला हात न लावता उभे होते. जिन्यातही कोणी हललं नाही.

"ऐकतोय गं," आबा म्हणाले.



"दुपारभर ऐकतोय," आबा पुढे म्हणाले. "पहिल्यांदाच असं... छकुली कुठे हसते, कुठे ठसकते, सगळं घर ऐकलं. मध्ये तुला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, पण तू जागाच दिली नाहीस. एक म्हणजे टोपडं काढ, उकडत असेल तिला. आणि दुसरं, ती तिसरी ओळ." खरखर झाली. वाटलं गेले. मग पुन्हा आवाज आला. "तू विसरणारच. ती तुला नव्हतीच. मी आतल्या खोलीत सेटवर गप्पा हाणत असायचो, तेव्हा तुझी आई मान वळवून मला म्हणायची, 'आबांची बडबड थांबू दे थोडी.' ओव्हर."

घड्याळवाले काका खिडकीबाहेर बघायला लागले. दंतवैद्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता, कपाळावर होता.

आणि या सगळ्या शांततेने छकुली जागी झाली. तिने दोन परक्या आजोबांना पाहिलं, ओठ काढला, आणि रोजचा संध्याकाळचा आकांत सुरू केला. मी तिचं टोपडं काढलं. तिला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या हाताने माईक उचलला आणि या वेळी बटण मुद्दाम दाबून धरलं.

नीज गं नीज, दाराला कडी,
उंबऱ्यात निजली चपलांची जोडी,

तिसऱ्या ओळीला मी मान वळवली, सेटकडे.